शुअर एसएम५८: गोंगाट बाहेर ठेवणारा माइक, पण कुठवर?

दुकानात एसएम५८ हातात घेतला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात नॉइज कॅन्सलेशन आहे का?" सरळ उत्तर द्यायचं तर नाही. या माइकमध्ये बॅटरी नाही, चिप नाही, माणसाचा आवाज ओळखून बाकीचा गाळणारी कुठलीही हुशारी नाही. आत आहे एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली बारीक तारेची कॉइल, एक चुंबक, एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर, थोडं रबर आणि मोजून-मापून कोंडलेली हवा. तरीही १९६६ पासून जगभरच्या गोंगाटी स्टेजवर हाच माइक उभा आहे. तो ‘गोड’ वाजतो की नाही यावर भरपूर लिहिलं गेलंय. इथे तपासायचंय ते वेगळं: नको असलेला आवाज आणि हादरे तो कसे नाकारतो, किती नाकारतो आणि कुठे हात टेकतो.

कागदावरचे आकडे आधी सांगून टाकू. वजन २९८ ग्रॅम, ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा प्रतिसाद, कार्डिऑइड पॅटर्न (समोरचं जास्त, मागचं कमीत कमी ऐकणारा), संवेदनशीलता एका पास्कलला १.८८ मिलिव्होल्ट. नावातलं ‘एसएम’ म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. स्टुडिओसाठी काढलेला माइक स्टेजवाल्यांनी पळवला. त्याची वंशावळही पाहण्यासारखी आहे. १९३९ मध्ये शुअर कंपनीच्या बेंजामिन बावर यांनी युनिडाइन हा माइक केला. त्याआधी एका दिशेने ऐकणारा माइक करायचा तर एका डबीत दोन वेगळे घटक बसवून त्यांची बेरीज करावी लागे. बावरनी ते काम एकाच घटकात, हवेच्या वाटा वळवून साधलं. १९५९ मध्ये अर्नी सीलर यांनी तीच कल्पना टोकाकडून ऐकणाऱ्या, हातात मावणाऱ्या युनिडाइन ३ मध्ये उतरवली. त्यातून १९६५ चा एसएम५७ आला आणि पुढच्याच वर्षी गोल जाळीचा एसएम५८.

मागचा आवाज मरतो कसा, ते पाहू. पडद्याच्या पुढून आवाज येतोच, पण कॅप्सूलच्या (पडदा, कॉइल आणि चुंबक यांच्या डबीच्या) बाजूला, जाळीच्या आतच, मागून हवा घेणारी छिद्रंही ठेवलेली असतात. माइकच्या शेपटाकडून येणारी लाट आधी या छिद्रांत शिरते. आत कापडासारखा अडथळा आणि छोटी पोकळी असते, तिथे ती रेंगाळते. तोवर हीच लाट बाहेरून वळसा घालून पडद्याच्या पुढच्या बाजूला पोचते. दोन्हीकडून सारखा दाब एकाच वेळी आला की पडदा हलत नाही. पडदा हलला नाही तर वीज नाही, वीज नाही तर आवाज नाही. छिद्रापासून पडद्यापर्यंतचा बाहेरचा वळसा समजा अडीच सेंटिमीटर धरला, तर ध्वनीला तो कापायला साधारण ७३ मायक्रोसेकंद लागतात. आतल्या अडथळ्याने नेमकी तेवढीच दिरंगाई करायला हवी. मायक्रोसेकंदांचा हा हिशेब कापडाच्या एका चकतीवर आणि पोकळीच्या आकारावर टिकून असतो. वरवर तशीच दिसणारी नक्कल इथेच मार खाते. जाळी आणि रंग हुबेहूब करता येतात, ही दिरंगाई नाही.

कार्डिऑइडचं गणित सांगतं की काटकोनातून, म्हणजे ९० अंशांवरून आलेला आवाज ६ डेसिबलने खाली जातो आणि बरोबर मागचा पूर्ण नाहीसा होतो. प्रत्यक्षात ‘पूर्ण’ कधीच होत नाही. मधल्या पट्टीत मागची शांतता उत्तम मिळते, खर्जात आणि अगदी वरच्या पट्टीत ती विरळ होते. शिवाय हॉल बंदिस्त असेल तर मागचा गोंगाट समोरच्या भिंतीवर आपटून परत तोंडासमोर येतो. पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय ही त्याची खास जागा. आवाज चहूबाजूंनी सारखाच येतोय असं धरलं, तर सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकपेक्षा कार्डिऑइड फक्त ४.८ डेसिबल कमी गोंगाट उचलतो. ४.८! जाहिरातीत हा आकडा कुणी छापणार नाही.

त्यापेक्षा मोठी कमाई अंतरात आहे, आणि ती फुकट आहे. मोकळ्यात तोंड-माइक अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. लांबचा गोंगाट होता तेवढाच राहतो. ३० सेंटिमीटरवरून साडेसातवर आलात की १२ डेसिबल खिशात. म्हणजे हात लांब धरून बोलणारा वक्ता एसएम५८ ची सगळी कारागिरी मनगटाच्या एका हालचालीत वाया घालवतो, आणि मग साउंडवाल्याकडे बघून ‘आवाज वाढवा’ची खूण करतो. वाढवला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी.

इथे एसएम५८सारख्या डायनॅमिक, म्हणजे कॉइल-चुंबकाच्या माइकबद्दलचा एक गैरसमज मोडायलाच हवा: "डायनॅमिक माइक कमी संवेदनशील, म्हणून खोलीचा आवाज घेत नाही." चूक. कमी संवेदनशील माइक तुमचा आवाज आणि पंख्याची घरघर दोन्ही सारखीच कमी देतो. मग तुम्ही गेन, म्हणजे मिक्सरवर माइकचा सिग्नल वाढवणारा नॉब, चढवता, दोन्ही सारखेच वर येतात. आवाज आणि गोंगाट यांचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते अंतर, दिशा आणि खोली यांवरून. आत चुंबक आहे की कंडेन्सर (विद्युतभारावर चालणारा हलका पडदा) यावरून नाही. कंडेन्सर माइक ‘सगळं उचलतो’ असं वाटतं कारण तो बहुतेक जण हातभर लांब ठेवतात. त्याच पॅटर्नचा कंडेन्सर तोंडाजवळ आणला तर फरक बराचसा मिटतो.

एसएम५८ ची खरी चलाखी खर्जात आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एका दिशेने ऐकणारा जवळजवळ कुठलाही माइक तोंडाच्या अगदी जवळ नेला की आवाजाचा खर्ज फुगतो. हा फुगवटा फक्त जवळच्या आवाजाला मिळतो, लांबच्याला नाही. शुअरने माइकचा प्रतिसाद खर्जात मुद्दाम उतरता ठेवला आहे. ओठ जाळीजवळ असले की फुगवटा आणि उतार एकमेकांना भरून काढतात आणि आवाज भरदार वाटतो. लांबच्या जनरेटरची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, मिरवणुकीतल्या ढोलाचा धम्म यांना मात्र फुगवटा मिळत नाही, उतार तेवढा लागतो. हीच ती ‘गाळणी’. तिला चालवायचं बटण म्हणजे तुमचे ओठ आणि जाळी यांच्यातले पाच-सात सेंटिमीटर.

हीच युक्ती टोकाला नेली की काय होतं, ते कोल्सच्या ४१०४ या समालोचकांच्या रिबन माइकमध्ये (पडद्याऐवजी धातूची पातळ फीत असलेल्या) दिसतं. त्याची बाहेरची पट्टी वरच्या ओठाला टेकवूनच बोलायचं असतं, त्यामुळे रिबन आणि ओठ यांच्यात कायम ५४ मिलिमीटर अंतर राहतं. मागे हजारो प्रेक्षक ओरडत असले तरी समालोचन स्वच्छ. त्या माइकवर गाणं म्हणता येत नाही आणि कॅमेऱ्यासमोर तो विचित्र दिसतो, हा भाग निराळा. एसएम५८ ही मधली तडजोड आहे: गाता येईल, बोलता येईल, पण शिस्त तुमची तुम्ही पाळायची.

आता हादऱ्यांकडे. डायनॅमिक माइकचा हा जन्मजात दोष. माइक हातात हलला की चुंबक आणि डबी हलतात, पडदा आणि कॉइल जडत्वाने मागे राहतात. दोघांत सापेक्ष हालचाल झाली की कॉइलमध्ये वीज तयार होते. ही हालचाल आवाजाने झाली की बोटाच्या टिचकीने, हे कॉइलला कळत नाही. कंडेन्सरचा पडदा खूपच हलका, त्यामुळे त्याला हा त्रास कमी. डायनॅमिकच्या पडद्यावर कॉइलचं ओझं असतं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: कॅप्सूल रबरावर तरंगती ठेवा. एसएम५८ मध्ये ती तशी आहेच. पण रबर किती मऊ ठेवायचं याला मर्यादा आहे. वजन आणि स्प्रिंग यांच्या जोडीची एक स्वतःची कंपनसंख्या असते आणि हादरा अडायला सुरुवात होते ती तिच्या १.४ पटीच्या वर. बैठक २० हर्ट्झची केली तर १०० हर्ट्झचा हादरा कागदावर जवळजवळ २८ डेसिबलने अडतो, चांगली गोष्ट. मग १० किंवा ५ हर्ट्झची का करू नये? कारण मऊ बैठक स्वतःच्याच वजनाने खचते. २० हर्ट्झला ती ०.६ मिलिमीटर खाली बसते, १० हर्ट्झला अडीच, आणि ५ हर्ट्झला जवळपास १ सेंटिमीटर. एवढी जागा हातातल्या माइकमध्ये आणायची कुठून? कॅप्सूल आतल्या आत भिंतीला थडकेल. आणि बैठकीच्या स्वतःच्या कंपनसंख्येवर हादरा अडण्याऐवजी उलट वाढतो, म्हणून तिथे थोडं दमनही (हेलकावे शोषून शांत करणं) लागतं. दमन वाढवलं की वरची अडवणूक घटते.

या कोंडीतून सीलर यांनी काढलेली वाट म्हणजे शुअर जिला न्यूमॅटिक शॉक माउंट म्हणतं ती बैठक. माइकच्या मुठीच्या (दांड्याच्या) आतली पोकळी नुसती रिकामी जागा नाही, ती कॅप्सूलच्या मागच्या ध्वनिमार्गाचा भाग आहे. हादऱ्याने कॅप्सूल बैठकीवर पुढे-मागे झाली की कोंडलेल्या हवेचा दाब बदलतो. हवेच्या वाटा अशा आखल्यात की तो बदल पडद्यालाही कॅप्सूलच्याच दिशेने नेतो. पडदा आणि चुंबक बरोबर हलले की सापेक्ष हालचाल कमी, म्हणून धक्क्याचा आवाजही कमी. रबर वरच्या पट्टीतली खसखस खातं आणि जिथे रबराचा जोर संपतो तिथे हवा मदतीला येते.

याचा व्यवहारातला अर्थ: माइक उघडून आतल्या पोकळीत कापूस भरू नका, मुठीला भोकं पाडू नका, वायरलेस ट्रान्समीटर बसवायला मूठ कापू नका. असे ‘जुगाड’ सर्रास होतात आणि मग ‘ओरिजनल असून हाताचा आवाज येतो’ अशी तक्रार असते. हवा गळाली की बैठक निम्मी मेली.

स्वतः तपासायचं असेल तर माइक चालू ठेवून हेडफोन लावा. आधी मुठीवर नखाने हलकं खरवडा, मग बोटाच्या पेराने टिचकी मारा, मग माइक एका हातातून दुसऱ्या हातात द्या. खरवडणं जवळजवळ ऐकू येऊ नये, टिचकी बोथट ‘डुब’सारखी यावी. ‘टण्’ असा धातूचा नाद आला तर बैठक कडक झालीय, कॅप्सूल सैल आहे किंवा माइकच खोटा. अंगठी मुठीवर वाजली तर मात्र चांगल्या माइकमध्येही आवाज येतो; बैठक हादरा अडवते, हवेतून आलेला खणखणाट नाही.

स्टँडवर लावल्यावर दृश्य पालटतं. सोबत येणारी क्लिप कडक प्लास्टिकची आहे, ती हादरा काही खात नाही. लाकडी पाटांचं स्टेज, वर नाच किंवा तबल्याची थाप, आणि स्टँडचे पाय थेट पाटावर: हा सगळा धम्म दांड्यातून वर चढतो. पहिला उपाय स्वस्त आहे. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड मऊ रबर किंवा चार पदरी सतरंजी. दुसरा, केबल. ती स्टँडला घट्ट गुंडाळली की केबलच हादऱ्याचा पूल होते; माइकजवळ एक सैल वेटोळं सोडून मग बांधा. तिसरा, मिक्सरवरचं ८० किंवा १०० हर्ट्झचं लो-कट बटण, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारं. बोलण्यासाठी ते डोळे झाकून दाबावं. पुरुषी आवाजाचा पाया साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, बाईचा २०० च्या. त्याखाली माइकला मिळतो तो बहुतेक धम्मच. एवढं करूनही त्रास राहिला तर शुअरचाच ए५५एम हा तरंगता होल्डर आहे, पण पाय आणि केबल नीट न करता तो विकत घेणं म्हणजे गळक्या छताखाली महागडी बादली.

नाटकाच्या रंगमंचाच्या कडेला जमिनीवर ठेवायला एसएम५८ घेऊ नका, हेही सांगायला हवं. नट दोन-तीन मीटर लांब, म्हणजे जवळच्या आवाजाचा सगळा फायदा गेला, उतरता खर्ज तेवढा राहिला, आणि पावलांचा दणका फळ्यांतून थेट माइकमध्ये. तिथे पृष्ठभागावर बसणारे बाउंड्री माइक किंवा योग्य होल्डरमधले कंडेन्सर लागतात.

वाऱ्याचं आणि फुंकरीचं संरक्षण म्हणजे ती गोल जाळी आणि तिच्या आतला स्पंज. इंग्रजी परीक्षणांत ‘प’ आणि ‘ब’ची फुंकर तपासतात. मराठीत मामला अधिक अवघड, कारण आपल्याकडे फ, भ, थ, ध, ख, घ ही महाप्राण अक्षरं वाक्यागणिक येतात. "भाऊ, फाटक धाडकन आपटलं, फोटो खाली पडला" असं एक वाक्य जाळीपासून तीन सेंटिमीटरवर, समोरासमोर म्हणून बघा. ‘भ’ आणि ‘फ’ला स्पीकरचा कोन धडधडेल. आता माइक तोच ठेवून तो हनुवटीकडे थोडा खाली आणि ३०-४० अंश तिरका करा. फुंकर सरळ पुढे जाते, माइकच्या बाजूने निसटते; आवाज मात्र चहूकडे पसरतो, तो मिळतोच. जाळी धडधड थांबवत नाही, कमी करते, एवढंच म्हणता येईल. उघड्या मैदानात वाऱ्यावर ती अपुरी पडते. वरून आणखी एक स्पंजची टोपी घातली की वारा बराच अडतो, वरची धार किंचित बोथट होते.

आणि तो प्रसिद्ध गुन्हा: जाळी मुठीत धरणं. दिसायला रॅपरसारखं छान दिसतं. पण मागची छिद्रं जाळीच्या आत आहेत. जाळी झाकली की ती बंद होतात, माइक कार्डिऑइड राहत नाही, सगळीकडून ऐकू लागतो, वर हाताच्या पंजाची पोकळी मधल्या पट्टीत घुमते. पुढच्या क्षणी शिट्टी. बोटं जाळीच्या खालच्या कड्याच्याही खाली हवीत. गायकाला हे सांगायची सोय नसेल तर त्याचा मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) कमी करा, दुसरा इलाज नाही.

मॉनिटरची जागा हा पॅटर्नचाच दुसरा भाग. कार्डिऑइडला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर शेपटाकडून. म्हणून एकच मॉनिटर गायकासमोर, माइकच्या शेपटाच्या रेषेत ठेवायचा. माइक जितका तिरका तितकी ती रेष जमिनीकडे झुकते, त्यामुळे स्टँडवरचा माइक थोडा उताराचा ठेवणंच बरं. शुअरचाच बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे. तो बाजूचा आवाज जास्त कापतो, ९० अंशांवर ८.७ डेसिबल, पण बरोबर मागे त्याला थोडं ऐकू येतं. त्याचे बहिरे कोन आहेत १२६ अंशांवर, म्हणजे शेपटापासून दोन्हीकडे साधारण ५४ अंश. तिथे दोन मॉनिटर. माइक बदलला आणि मॉनिटर जुन्या जागीच ठेवला की ‘महागड्या माइकने जास्त शिट्टी मारली’ असं होतं. दोष जागेचा असतो.

भजनी मंडळासारख्या मेळ्यात माइकची संख्याही गोंगाट वाढवते. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. एकाचे चार केले की ६ गेले, म्हणजे अंतर निम्मं करून मिळवलेली कमाई परत दिली. जो बोलत नाही त्याचा माइक खाली ओढा. दोन माइक शेजारी असतील तर तोंडापासूनच्या अंतराच्या तिप्पट अंतर दोघांत ठेवा: तोंड १० सेंटिमीटरवर तर शेजारचा माइक निदान ३० वर.

विजेचा गुणगुणाट हा एसएम५८ चा कच्चा दुवा. यात चुंबकीय हम उलटी घेऊन वजा करणारी जादा कॉइल नाही. शुअरच्याच एसएम७बी मध्ये ती आहे, इलेक्ट्रो-व्हॉइसच्या आरई२० मध्येही आहे. म्हणून एसएम५८ डिमर, मोठे ट्रान्सफॉर्मर, जनरेटरचा डबा यांच्याजवळ धरला की ५० हर्ट्झचा गुंजारव येतो. माइक फिरवून किंवा अर्धा मीटर सरकून तो कमी होतो, हीच त्याची खूण. जागा बदलूनही हम तशीच राहिली तर दोष केबल किंवा अर्थिंगकडे शोधा. आपल्याकडचा नेहमीचा घोळ म्हणजे एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोनो पी-३८ जॅक (पाव इंची प्लग). माइकमधून येणारा बॅलन्स्ड सिग्नल (१ शील्ड, २ आणि ३ वर एकमेकांच्या उलट) अशा केबलमध्ये ३ नंबर शील्डला जोडून टाकला जातो. बॅलन्सिंग गेलं, केबल अँटेना झाली. जुन्या अँप्लिफायरला दुसरा पर्याय नसेल तर ही केबल ५-६ मीटरच्या आत ठेवा, लांब पल्ल्यासाठी पूर्ण एक्सएलआर केबल नेऊन शेवटी ट्रान्सफॉर्मर लावा. अशी पी-३८ची केबल लावली असताना मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) बंद. नीट बॅलन्स्ड केबलवर फँटम चुकून चालू राहिलं तरी या माइकला काही होत नाही.

घरी पॉडकास्टसाठी घ्यावा का? घ्यावा, गेनचा हिशेब करून. ५ सेंटिमीटरवर साधं बोलणं ८६ डेसिबलच्या आसपास पडतं, म्हणजे माइकमधून जेमतेम पाऊण मिलिव्होल्ट. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) ५५-६० डेसिबल स्वच्छ गेन हवा. स्वस्त इंटरफेसचा नॉब शेवटच्या टोकाला गेला की ‘सुस्स’ सुरू होतं, आणि लोक त्याला खोलीचा गोंगाट समजतात. एसएम७बी आणखी साडेचार डेसिबल खाली, १.१२ मिलिव्होल्टवर आहे. तो घेताना हा खर्च वेगळा मोजा. बदल्यात त्यात हमची कॉइल, मोठा स्पंज आणि खर्ज कापायचं बटण मिळतं. आरई२० ची बाजू वेगळी आहे: त्याच्या लांब नळीवरच्या छिद्रांची व्हेरिएबल-डी रचना जवळ-लांब होण्याने खर्ज फुगू देत नाही. म्हणून रेडिओचा निवेदक मान हलवत बोलला तरी सूर तोच राहतो. पण तो फुगवटाच एसएम५८ ला लांबचा खर्ज गाळायला मदत करतो, हे लक्षात ठेवा. रस्त्याकडेच्या खोलीत, शिस्तीने एकाच अंतरावर बोलणाऱ्याला एसएम५८ कमी पैशांत बरंच देतो. आणि नंतर सॉफ्टवेअरने आवाज ‘साफ’ करायचा बेत असेल तरी मूळ रेकॉर्डिंग जवळून करा, नाहीतर शब्द पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतील.

खरेदीच्या वेळी स्विचवालं मॉडेल, एसएम५८एस, टाळा. स्टेजवर कुणीतरी ते बंद करतं आणि साउंडवाला दहा मिनिटं केबल शोधत बसतो. नकली माल भरपूर आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या, घरगुती काट्यावर वजन २९८ ग्रॅमच्या जवळ येतं का पाहा, आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे पाठीची परीक्षा: मोबाइलवर १,००० हर्ट्झचा सूर लावा, मोकळ्या गच्चीवर तो माइकच्या तोंडाकडून ३० सेंटिमीटरवर धरा, मग तेवढ्याच अंतरावर शेपटाकडून. मीटर लक्षणीय पडायला हवा. पुढून-मागून जवळपास सारखाच आला तर तो माइक परत करा, रंग कितीही काळा असो.

पडला तर जाळी चेपते, कॅप्सूल बहुधा वाचते. जाळी वेगळी मिळते. पावसाळ्यात आणि लाळेने स्पंज दमट, मग कडक आणि कुबट होतो, त्यातून हवा नीट जात नाही आणि वरची धार मरते. जाळी फिरवून काढा, माइक बाजूला उलटा ठेवा, जाळी स्पंजसकट कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण दिवस सावलीत वाळवा. ओला स्पंज लावून माइक चालू करू नका, आणि कडक गरम हेअर ड्रायरने घाई केलीत तर स्पंज खराब होऊ शकतो.